खोडवा, निडवा आणि आमचं मालकी रान: परत परत तोडलेलं जंगल कितीदा फुटतं?

आंबावाला_पोरगा | ८ फेब्रुवारी, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं नुसता वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतोय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मी नोकरीला शिरोली एमआयडीसीत, घर कोल्हापुरात, पण मूळ गाव शाहूवाडी तालुक्यात आंबा घाटाच्या अलीकडं. गावाचं नाव मुद्दाम टाकत नाही, भावकी इथं पण वाचते. तिथं आमचं सगळ्यांत मिळून अकरा एकर मालकी रान आहे, उताराचं. आज्जा सांगायचा की त्याच्या लहानपणी तिथं कुमरी करायचे, म्हणजे झाडी तोडायची, वाळू द्यायची, उन्हाळ्यात पेटवायची आणि त्या राखेत नाचणा नाहीतर वरी टाकायची, दोन-तीन वर्षं पीक घेतलं की ती जागा सोडून शेजारची धरायची. पुढं कुमरी बंद पडली आणि रान वाढलं. मग ७२ च्या दुष्काळात कोळशाच्या भट्टीवाल्याला दिलं. मग १९९० ला जळणाच्या ठेकेदाराला. मग थोरल्या आत्याच्या पोरीच्या लग्नाला २००६ मध्ये परत. आणि शेवटी २०१८ ला, तेव्हा मी नको म्हणत होतो पण चार भावांत एकाचं कोण ऐकतंय.

मी शाळेत असताना मे महिन्यात करवंदं, तोरणं, अळू काढायला त्या रानात जायचो तर आत शिरलं की सावलीनं गार वाटायचं, अंजनीचा निळा बार आला की सगळा उतार निळा दिसायचा. परवा गेलो तर निम्म्या भागात रानमोडी आणि घाणेरीची झुडपं, मधीमधी खुंटं, आणि फेब्रुवारी निम्मा पण नाही झाला तर खालच्या बाजूनं जळून काळं झालेलं. कुणी लावला माहीत नाही, दरवर्षी कोण ना कोण लावतंच.

आता भावकीला कसंबसं पटवलंय की वीस वर्षं हात लावायचा नाही. प्रश्न असा की नुसतं सोडलं तर येईल का परत? का झाडं लावायला लागतील? आज्जा म्हणायचा, रान मरत नसतंय, चार तोडी झाल्या तरी उठून उभं राहतंय. मग ह्या येळेला का उठेना झालंय?

तांबडा_रस्सा_७७ | ८ फेब्रुवारी, १०:४०

सिल्व्हर ओक लाव भावा, सरळसोट वाढतंय, दहा वर्षात पैसा.

चंदगडी_बाणा | ८ फेब्रुवारी, १०:५५

काजू. आमच्याकडं सगळ्यांनी तेच केलंय. रान ठेवून पोट भरत नाही हे पण खरं आहे की ओ.

आंबावाला_पोरगा | ८ फेब्रुवारी, ११:०३

काजू लावायचा असता तर धागा कशाला काढला असता 😀 मला रानच पाहिजे.

माळावरची_मैना | ९ फेब्रुवारी, सकाळी ७:३०

विद्यापीठात बॉटनीत एमएस्सी करताना दोन उन्हाळे आंबा ते गगनबावडा पट्ट्यात फिरलेय म्हणून लिहितेय. उत्तर द्यायच्या आधी तीन गोष्टी सांगा. खुंटं जिवंत किती आहेत, म्हणजे बुडख्यातून फुटवे आलेत का. वणवा खरंच दरवर्षी येतो का मधी एखादं वर्ष सुटतं. आणि जवळात जवळ न तोडलेलं रान, देवराई असली तर उत्तम, किती लांब आहे.

आंबावाला_पोरगा | ९ फेब्रुवारी, दुपारी १:१५

ताई, देवराई आहे, ओढ्याच्या पलीकडं, चालत दहा मिनिटं. वणवा म्हणाल तर २०१८ नंतर फक्त लॉकडाऊनच्या साली सुटला, नाहीतर दरवर्षी. खुंटं मोजली नाहीत, पुढच्या रविवारी जातोय.

खोडवा_निडवा | ९ फेब्रुवारी, रात्री ९:२०

मी ऊसवाला माणूस, शिरोळ तालुका, रानातलं काय कळत नाही, पण आज्ज्याचं बोलणं वाचून एक डोक्यात आलं ते लिहितो. आमच्यात लावणीचा ऊस तोडला की त्याच बुडख्यातनं फुटतो तो खोडवा, खोडवा तोडला की निडवा. बुडखा तोच, फुटतोय तोच, पण टनेज दर तोडीला उतरतंय आणि रानात नांग्या (मोकळ्या जागा) पडत जातात. तिसऱ्या चौथ्या तोडीला माणूस म्हणतो काढ आता, नांगर घाल. त्यात परत पाचट (उसाचा वाळलेला पाला) पेटवलंस तर बुडख्यावरचे डोळेच भाजून जातात. तुझं रान आता निडव्याच्या पण पुढं गेलंय आणि तू (म्हणजे तुझी भावकी) दरवर्षी पाचट पेटवतेय. असं असंल का मैनाताई?

माळावरची_मैना | १० फेब्रुवारी, सकाळी ६:५०

दादा, आमच्या सरांना इतक्या सोप्या भाषेत सांगता आलं नसतं! बरंचसं तसंच आहे, थोडा फरक आहे, तो सांगते. लांब होणार, चहा घेऊन बसा.

आपल्या घाटमाथ्यावरचं जे सदाहरित रान आहे ते अंजनी, जांभूळ आणि पिसा ह्या तिघांचं मानतात, सोबतीला पारजांभूळ, हिरडा वगैरे. ह्यातली बरीच झाडं तोडली तरी मरत नाहीत. मुळांमध्ये साठवलेलं पिठूळ असतं, त्याच्या जोरावर खुंटातून फुटवे काढतात. म्हणून आज्जा म्हणायचा ते त्याच्या काळापुरतं एकदम खरं. बी पडून, रुजून, वाढून यायला जे पंधरा-वीस वर्षं लागतात ते फुटवा चार-पाच वर्षात करून दाखवतो, कारण खाली मूळ आधीच पन्नास वर्षांचं असतं.

पण ही साठवण म्हणजे बँकेतली शिल्लक नव्हे, कणगीतलं धान्य आहे. एकदा फुटायला काढलं की परत भरायला पानं पाहिजेत, आणि पानांना वर्षं पाहिजेत. तुमच्या तोडी बघा: ७२, ९०, २००६, २०१८. अठरा वर्षं, सोळा वर्षं, बारा वर्षं. प्रत्येक वेळी रानाला आधीपेक्षा कमी वेळ मिळाला. आणि शेवटच्या तोडीनंतर जो फुटवा आला त्याला दरवर्षी जाळ. फुटवा कमरेएवढा होतोय तोवर जळाला, परत फुटला, परत जळाला. कणगी रिकामी होणारच. तोड किती मोठी झाली ह्यापेक्षा दोन घावांत अंतर किती होतं ह्यावर जास्त अवलंबून असतं. आज्ज्याच्या कुमरीत पण आग होतीच की, पण जागा नंतर बरीच वर्षं पडून राहायची.

आता उसापेक्षा वेगळं काय ते. ऊस एकाच जातीचा, इथं पन्नास जाती, आणि प्रत्येकीची सहनशक्ती वेगळी. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी जाड, कुंभ्याची पण जाड, पळस तर जाळात अंघोळ करून येतो. अंजनी, पिसा ह्यांची साल पातळ. त्यामुळं वारंवार वणवा लागला की रान "मरत" नाही, बदलतं. सदाहरित मंडळी मागं पडतात, पानगळीची पुढं येतात, मधल्या मोकळ्या जागेत गवत, रानमोडी, घाणेरी. लांबून हिरवंच दिसतं. उपग्रहाच्या फोटोत पण हिरवंच दिसतं.

दुसरं, मातीतलं बी. लोकांना वाटतं जमिनीत बी पडलेलंच असतं. चांदाडा, खरगोल असल्या पहिल्यांदा घुसणाऱ्या झाडांचं बी बारीक असतं, पाखरं गावभर टाकत फिरतात, उजेड मिळाला की उठतं. पण जांभळाचं बी काही आठवड्यात मरतं, साठून राहतच नाही. म्हणजे सदाहरित झाडांचं बी दरवर्षी ताजं यायला पाहिजे, आणि ते आणणार कोण तर बुलबुल, धनेश, उदमांजर. म्हणून देवराई किती लांब हे विचारलं. दहा मिनिटं म्हणजे नशीबवान आहात.

हवेत_गोळीबार | १० फेब्रुवारी, ११:४५

एक बाजू मांडतो, राग मानू नका. थोडी तोड, थोडा वणवा हा रानाला चांगलाच असतो असं शास्त्रच सांगतं. फार छळलं तर जाती कमी, अजिबात छळलं नाही तर पण कमी, मधी जास्त. मग वीस वर्षं कुलूप लावून काय मिळणार? तोडून बघा, जाती वाढतील.

माळावरची_मैना | १० फेब्रुवारी, दुपारी २:०५

हे जोसेफ कॉनेल ह्यांचं १९७८ चं म्हणणं, उष्ण कटिबंधातली जंगलं आणि प्रवाळ बघून मांडलेलं. गाजलं पण आणि नंतर त्यावर टीका पण खूप झाली, सगळीकडं तसं दिसत नाही. आणि समजा इथं तसं झालं, जातींचा आकडा वाढला, तरी वाढल्या कोण? उन्हातली मंडळी. सावलीतल्या दहा गेल्या आणि माळावरच्या पंधरा आल्या तर यादी लांब होते पण रान ते राहत नाही. आमच्या हॉस्टेलवर पाहुणे आले की गर्दी व्हायची, त्याला घर नांदतंय म्हणत नाहीत.

हवेत_गोळीबार | १० फेब्रुवारी, २:२०

हॉस्टेलचं पटलं 🙏 बाकी विचार करतो.

भुदरगडी_मास्तर | ११ फेब्रुवारी, रात्री ८:००

धागा चांगला चाललाय. मी पाटगाव भागात नोकरी केली, आता निवृत्त. वणव्याबद्दल दोन शब्द.

आमच्याकडं लोक पेटवतात त्याला तीन कारणं. एक, जाळलं की गवत चांगलं येतं ही समजूत. दोन, शिकार किंवा मध काढताना निष्काळजीपणा. तीन, काहीच कारण नाही, विडी. पहिल्यात थोडं तथ्य आहे म्हणून ती समजूत जाता जात नाही. राखेमुळं पहिल्या पावसाला कोवळा हिरवा कोंब लवकर दिसतो, जनावर आवडीनं खातं, माणूस म्हणतो बघा. पण राखेचा निम्मा माल पहिल्याच वळवात ओढ्याला जातो. गगनबावड्याच्या बाजूला जो पाऊस पडतो त्यात उताराची उघडी माती थांबतेय होय! जांभ्याच्या तांबड्या कातळावर माती मुळात वीतभर. ती गेली की मग फुटवा नाही आणि बी पण नाही, नुसता कातळ. २०२१ च्या जुलैत पन्हाळ्याचा रस्ता खचला तेव्हा सगळ्यांनी बघितलंय डोंगर कसा निसटतो. तसल्या दरड गेलेल्या जागेवर रान "परत" येत नाही, पहिल्यापासून यायला लागतं, दगडफूल, शेवाळ, गवत असं. बॉक्साइटसाठी जिथं सड्याचा, म्हणजे कातळपठाराचा, वरचा थर खरवडून नेलाय तिथं पण तेच. खुंट नाही, बी नाही, माती नाही. तुमच्याकडं निदान खुंट आहे.

उलट बाजू बघायची असंल तर चांदोलीला जा. धरणानं आणि अभयारण्यानं गावं उठली, खाचरं तशीच पडली. बांध अजून दिसतात, चौथरे, एखादं तुळशीवृंदावन, आंबा-फणस. खाचराच्या मधी गवत, कडेनं बांधावरून झाडी आत सरकत येतीय. बांधावर पाखरू बसतं, तिथंच बी टाकतं, म्हणून झाडी बांधावरून चालत येते. दाजीपूरचं म्हणाल तर ते संस्थानच्या काळात शिकारीचं रान होतं म्हणून वाचलं, १९५८ ला अभयारण्य झालं. राजाच्या शिकारीनं रान राखलं, आपल्या चुलीनं नाही राखलं. आता चुलीला दोष द्यायचा तर पोरीबाळींनी डोक्यावर मोळ्या वाहिल्यात ते पण बघितलंय, त्यामुळं मी गप बसतो.

तांबडा_रस्सा_७७ | ११ फेब्रुवारी, ८:२५

मास्तर तुम्ही लिवत राव्हा ओ. सिल्व्हर ओक मागं घेतला.

करवीर_ते_डेन्व्हर | १२ फेब्रुवारी, सकाळी ९:१० (इकडची रात्र)

शिवाजी पेठेतला, सध्या अमेरिकेत. इथून आठ-नऊ तासावर यलोस्टोन पार्क आहे, दोनदा गेलोय. मैनाताईंनी "दोन घावांतलं अंतर" म्हटलं ते तिथं डोळ्यांनी बघितलं म्हणून लिहितो.

१९८८ च्या उन्हाळ्यात तिथं एवढी मोठी आग लागली की पार्कचा एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग त्यात आला. टीव्हीवर लोक रडत होते, संपलं म्हणून. पण तिथल्या लॉजपोल पाइन नावाच्या झाडाची गंमत अशी की त्याची बरीच बोंडं राळेनं चिकटून बंद असतात, वर्षानुवर्षं उघडत नाहीत, आगीच्या धगीनं राळ वितळली की उघडतात आणि राखेवर बी सांडतं. त्यामुळं ८८ नंतर कुणी न लावता रोपांचा नुसता गालिचा उगवला. आगीची सवय असलेलं रान, पण सवय कशी तर शंभर ते तीनशे वर्षांनी एकदा.

मग २०१६ ला त्यातल्याच काही भागात परत आग लागली. म्हणजे २८ वर्षांचं पोर. बोंडं पुरेशी साठलेली नव्हती, झाडं बारीक म्हणून लाकूड पण सगळं जळून गेलं, आणि नंतर जी रोपं आली ती पहिल्यापेक्षा कितीतरी विरळ. जात तीच, आग तीच, माती तीच. नुसती लवकर आली. तुमच्याकडं खुंट आणि इकडं बोंड, हिशोब एकच दिसतोय.

(विषयांतर: इथं मिसळ मिळत नाही हे परत एकदा नोंदवतो.)

खोडवा_निडवा | १२ फेब्रुवारी, ९:३५

ये की मग गावाकडं. पाचट पेटवू नका म्हणून कारखान्यापासनं सगळे बोंबलतात, बोंडाची गोष्ट त्यांना सांगायला पाहिजे.

चंदगडी_बाणा | १२ फेब्रुवारी, रात्री १०:००

ठीक आहे, पण वीस वर्षात नक्की काय मिळणार ते आकड्यात सांगा की कुणीतरी. भावकीला "रान येईल" म्हणून चालत नाही, आमच्यात पण बघितलंय, तिसऱ्या वर्षी कुणाच्या तरी पोरीचं लग्न निघतंय.

माळावरची_मैना | १३ फेब्रुवारी, सकाळी ७:१५

रास्त प्रश्न. २०२१ मध्ये 'सायन्स' ह्या शास्त्रीय नियतकालिकात एक मोठा अभ्यास आला होता, अमेरिका खंडातल्या आणि पश्चिम आफ्रिकेतल्या उष्ण प्रदेशातली, शेतीखालून सुटलेली रानं त्यात घेतली होती. नुसतं सोडून दिलेल्या रानात मातीचा कस दहा वर्षांच्या आत सुधारला. झाडांच्या कामाच्या गोष्टी, पानांची जाडी, लाकडाचं वजन वगैरे, पंचवीस वर्षांच्या आत. रानाची उंची-घडण आणि जातींची संख्या पंचवीस ते साठ वर्षांत. पण एकूण लाकूडफाट्याचं वजन आणि "तीच" जुनी मंडळी परत यायला शंभर-सव्वाशे वर्षांच्या पुढं. सगळं मिळून सरासरी काढली तर वीस वर्षात जुन्या रानाच्या ७८ टक्क्यांपर्यंत पोचतं.

हा आकडा भावकीला सांगताना मात्र जपून. ती रानं ज्यांना फार छळलेलं नव्हतं आणि ज्यांच्या आसपास जंगल शिल्लक होतं अशी बरीच होती. आपल्याकडची परिस्थिती, आणि मुख्य म्हणजे आपला दरवर्षीचा वणवा, तिथं तसाच असेल असं नाही. वणवा चालूच ठेवून वीस वर्षं थांबलात तर ७८ काय, काहीच मिळणार नाही.

मी काय करेन ते सांगते. वणवा पहिला. डिसेंबर-जानेवारीत गवत पूर्ण वाळायच्या आधी खालच्या बाजूनं आणि वाटेच्या कडेनं जाळरेषा, म्हणजे आग अडवायला साफ केलेला पट्टा, काढा, चार-पाच मीटर तरी रुंद, वन खात्याची माणसं काढतात तशी. रानमोडी फुलायच्या आधी, म्हणजे दिवाळीच्या अलीकडं, पावसानं माती मऊ असताना उपटा. फुलली की बी वाऱ्यावर. घाणेरी नुसती कापू नका, दुप्पट जोमानं येते, मुळाच्या मानेखाली कुदळ घालून तोडायची आणि उलटी टाकायची. आणि सगळी एका वर्षात काढू नका! तिच्या काट्यांच्या आडोशाला जनावराच्या तोंडापासून वाचलेली रोपं असतात, बघून बघून काढा. पण वाळलेली घाणेरी म्हणजे वणव्याला रॉकेल, आणि जळून परत तीच आधी फुटते, त्यामुळं जाळरेषेजवळची आधी.

झाडं लावायची घाई नको. खुंटं आहेत तोवर खुंटं सांभाळा.

खोडवा_निडवा | १३ फेब्रुवारी, ८:००

आमच्यात खोडव्याला बुडखा जमिनीलगत छाटून घेतात, म्हणजे फुटवा मातीतनं येतो आणि स्वतःची मुळी धरतो. वर ठेवला तर फुटवा हलका निघतो. झाडाला पण असतंय का?

माळावरची_मैना | १३ फेब्रुवारी, ८:२०

असतंय! उंच खुंटावरचा फुटवा वाऱ्यानं फाटून निघतो, जमिनीजवळचा टिकतो. एका खुंटाला दहा-बारा फुटवे आले असतील तर जोमदार दोन-तीन ठेवून बाकीचे काढतात. पण पहिली दोन वर्षं काढू नका, आत्ता पानं पाहिजेत, कणगी भरायचीय.

आंबावाला_पोरगा | १७ फेब्रुवारी, रात्री ९:५०

जाऊन आलो. मास्तर, मैनाताई, सगळ्यांना दंडवत.

धाकट्या चुलतभावाला घेऊन गेलो, वीस पावलं बाय वीस पावलं असे तीन तुकडे आखले, एक देवराईच्या बाजूला, एक मधी, एक खालच्या जळक्या बाजूला. देवराईच्या बाजूला बहुतेक खुंटं जिवंत, अंजनीचे फुटवे डोक्याच्या वर गेलेत, आणि खाली दोन-दोन पानांची जांभळाची रोपं, मोजायला बसलो तर चुलतभाऊ म्हणाला चल आता अंधार पडंल. मधल्या तुकड्यात निम्मी मेलेली, घाणेरीत हात घालून घालून मनगटं फाटली. खालच्यात अंजनीचं एक पण खुंट जिवंत नाही. ऐन दोन, कुंभा एक, बाकी गवत आणि रानमोडी. तिन्ही तुकडे एकाच ठेकेदारानं एकाच महिन्यात तोडलेले, फरक फक्त वणवा कुठपर्यंत पोचतो एवढाच. ओढ्यामुळं वरची बाजू वाचत आलीय.

चुलतभाऊ येताना गप होता. मग गाडीवर बसल्यावर म्हणाला, खालची बाजू आपणच पेटवत होतो, वैरणीसाठी, आबांनी सांगितलेलं. मी काय बोललो नाही.

प्रश्न आता एवढाच, त्या खालच्या तुकड्यात खुंटच नाहीत, तिथं पण थांबायचं का लावायचं?

माळावरची_मैना | १८ फेब्रुवारी, सकाळी ६:४५

तिथं लावा. पण अंजनी एकदम उन्हात नाही टिकणार. आधी ऐन, कुंभा आहेत त्यांना जपा, मोकळ्यात आवळा, चांदाडा असली उन्हातली येऊ द्या, सावली झाली की मग देवराईखाली पडलेलं जांभळाचं ताजं बी जूनमध्ये तसंच नेऊन टोकायचं, साठवायचं नाही. आणि पाखरांना बसायला एखादी वाळकी फांदी उभी करून ठेवा.

भुदरगडी_मास्तर | १८ फेब्रुवारी, ७:३०

देवराईतलं बी उचलायच्या आधी गावच्या गुरवाला विचारा. कुणी नाही म्हणणार नाही, पण विचारा.

आंबावाला_पोरगा | १८ फेब्रुवारी, ८:१०

गुरव म्हणजे आमचे मामाच आहेत. विचारतो. जाळरेषेला यंदा उशीर झालाय, तरी ह्या रविवारी खालची कड साफ करायला सहा जण चाललोय, चुलतभावानंच माणसं जमवलीत. कुणाला यायचं असंल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, जेवण आमच्याकडं.

तांबडा_रस्सा_७७ | १८ फेब्रुवारी, ८:१२

जेवणात काय आहे त्यावर ठरवतो.